डोंगर तोलणारा माणूस

आमच्या घराच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, एक पितळी ओळंबा टांगलेला आहे. येणारे-जाणारे विचारतात, ही घंटा का वाजत नाही म्हणून! तो माझ्या वडिलांचा. हिंगणघाटला ते घरबांधणीची कामं घ्यायचे आणि भिंत सरळ आहे की नाही यावर गवंड्याशी वाद झाला की खिशातून हा ओळंबा निघायचा. माणूस खोटं बोलेल, ओळंबा बोलणार नाही, अशी त्यांची ठाम श्रद्धा. वडील गेले, तेव्हा मी घरातून एवढी एकच वस्तू स्कॉटलंडला आणली.

आता या ओळंब्याचा आणि या लेखाचा संबंध काय? सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीला शाळेतून फिजिक्सचा एक प्रकल्प मिळाला होता. आपल्या भागातला एखादा डोंगर निवडा आणि त्यात किती पोटेन्शियल एनर्जी, म्हणजे आपण मराठी शाळेत शिकलो ती स्थितिज ऊर्जा, साठलेली आहे याचा अंदाज करा. वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची, एवढं तर मलाही पाठ होतं. पण डोंगराचं वस्तुमान आणायचं कुठून? डोंगर काही वजनकाट्यावर चढत नाही. मी सिव्हिल इंजिनीअर असल्याचा आव आणून इंटरनेट उघडलं आणि पाचव्या मिनिटाला एका जुन्या शत्रूचं नाव समोर आलं. नेव्हिल मॅस्केलिन!

शत्रू अशासाठी, की दावा सोबेल यांचं १९९५ सालचं ‘लाँगिट्यूड’ हे पुस्तक मी वाचलेलं होतं आणि त्यातला खलनायक हाच. गरीब सुतार घड्याळजी जॉन हॅरिसन एकीकडे आणि त्याच्या वाटेत काटे पेरणारा हा केंब्रिजचा पाद्री-खगोलशास्त्रज्ञ दुसरीकडे. आणि आता कळलं की जगात पहिल्यांदा डोंगर यशस्वीपणे तोलला तो याच माणसाने, आमच्या घरापासून दोन तासांवर. मग लेकीचा प्रकल्प राहिला बाजूला आणि मीच त्याच्या मागे लागलो.

मॅस्केलिनचा जन्म लंडनचा, ६ ऑक्टोबर १७३२. घराणं विल्टशरमधल्या पर्टन गावचं, खाऊन-पिऊन सुखी. पण वडील १७४४ मध्ये वारले, तेव्हा नेव्हिल जेमतेम बारा वर्षांचा. १७४८ मध्ये आईही गेली. त्याच वर्षी सूर्यग्रहण पाहिलं आणि मुलगा आकाशाच्या नादी लागला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणितात सातवा आला, १७५५ मध्ये रीतसर धर्मगुरूही झाला. त्या काळी हुशार पण फारशा श्रीमंत नसलेल्या मुलांना हा एक पोटापाण्याचा मार्ग असे.

इथे एक गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नसावी. याची धाकटी बहीण मार्गारेट १७५२ मध्ये जहाजाने मद्रासला गेली आणि पुढच्या वर्षी तिथे तिचं लग्न झालं रॉबर्ट क्लाइव्हशी! होय, तोच प्लासीचा क्लाइव्ह. त्यांचा भाऊ एडमंड कंपनीच्या नोकरीत क्लाइव्हचा मित्र होता, त्याच्यामुळेच हे जमलं. प्लासी आपल्याला शाळेत शिकवतात, पण फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर इंग्रजांनी हल्ला केला, तेव्हा जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख हाच क्लाइव्ह होता. म्हणजे मेहुणा कोकणात किल्ले घेत होता आणि हा इकडे तारे मोजत होता.

जानेवारी १७६१. तिकडे पानिपतावर आपली एक पिढी कापली गेली, त्याच महिन्यात मॅस्केलिन सेंट हेलेना बेटाकडे जहाजाने निघाला. रॉयल सोसायटीने त्याला ६ जूनचं शुक्राचं अधिक्रमण बघायला पाठवलं होतं. शुक्र सूर्यबिंबावरून सरकतो ती वेळ जगाच्या निरनिराळ्या टोकांवरून मोजली, तर सूर्याचं अंतर काढता येतं. इतक्या दूर गेला, सगळी तयारी केली आणि नेमक्या वेळी ढग आले. (स्कॉटलंडमध्ये ग्रहण पाहायचा बेत आखलेल्या कोणालाही हे दुःख समजावून सांगायला नको.) त्याने दुसरं काम हाती घेतलं, व्याध ताऱ्याचं अंतर मोजायचं. त्यासाठी झेनिथ सेक्टर नावाची एक दुर्बीण होती. ती थेट डोक्यावरच्या आकाशाकडे रोखायची आणि तारा बरोब्बर माथ्यापासून किती कलला आहे ते वाचायचं. माथा कुठला हे ठरवायला आत एक ओळंबा लटकतो. आणि तो ओळंबाच नीट टांगलेला नव्हता! खुंटीवर त्याचा दोरा घासत होता, त्यामुळे सगळी मापं फुकट. माझे वडील असते तर त्यांनी काय तोंडसुख घेतलं असतं याची मी कल्पना करू शकतो.

पण जाता-येता जहाजावर त्याने चंद्रावरून रेखांश काढायची पद्धत घोटून घेतली आणि १७६३ मध्ये खलाशांसाठी त्यावर पुस्तक लिहिलं. त्या काळी भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठे आहे हे कळायची सोय नव्हती, जहाजं खडकांवर आपटत. उपाय दोन. एक, हॅरिसनचं अचूक घड्याळ. दुसरा, चंद्र आणि तारे यांच्यातलं अंतर मोजून गणित करणं. मॅस्केलिन दुसऱ्या पक्षाचा. आणि १७६३-६४ मध्ये हॅरिसनच्या घड्याळाची बार्बाडोसला परीक्षा घ्यायला पाठवलं कोणाला, तर यालाच. पुढे १७६५ मध्ये हा ग्रिनिचचा ॲस्ट्रॉनॉमर रॉयल झाला, वेधशाळेत त्याच घड्याळाची पुन्हा परीक्षा घेतली आणि प्रतिकूल अहवाल दिला. हॅरिसनला राहिलेले पैसे १७७३ मध्ये पार्लमेंटने मध्ये पडून दिले, तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. इथे मी मॅस्केलिनची बाजू घेणार नाही. ज्या शर्यतीत आपला घोडा आहे, तिथे पंच होऊ नये, एवढं साधं शहाणपण त्याला सुचायला हवं होतं. पण तो पैसे खाणारा किंवा लबाड नव्हता. एक घड्याळ उत्तम चाललं म्हणजे सगळ्या जहाजांना तशी घड्याळं मिळतील असं नाही, ही त्याची शंका त्या काळी रास्तच होती.

आणि त्याने स्वतः काय दिलं? ‘नॉटिकल अल्मनॅक’. आपल्याकडे घरोघरी पंचांग, तसं हे खलाशांचं पंचांग. १७६७ सालचा पहिला अंक निघाला आणि मरेपर्यंत त्याने ते काढलं. त्यातली आकडेमोड करायला ग्रिनिचमध्ये कारकून बसवलेले नव्हते. गावोगावी घरी बसून गणित करणारी माणसं होती, पोस्टाने कोष्टकं यायची, जायची. त्यात लडलोची मेरी एडवर्ड्स नावाची एक बाईसुद्धा होती. या लोकांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत! एकच गणित दोघांकडून स्वतंत्रपणे करून घ्यायचं आणि तिसऱ्याने ताडून बघायचं, अशी पद्धत. १७७० मध्ये दोघे एकमेकांची उत्तरं उतरवताना सापडले आणि त्यांची नोकरी गेली. आयटीतल्या मंडळींनी वर्क फ्रॉम होमचा शोध आपल्या पिढीने लावला असं समजू नये. या पंचांगात रेखांश ग्रिनिचपासून मोजलेले होते, जगभरच्या जहाजांना तीच सवय लागली आणि १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत शून्य रेखांश ग्रिनिचलाच ठरला.

असो. आता डोंगर.

न्यूटनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते, तर मग मोठ्या डोंगराशेजारी धरलेला ओळंबा डोंगराकडे किंचित कलायला हवा. न्यूटनच्याही मनात हे आलं होतं, पण तो कल मोजण्याइतका भरणार नाही असं त्याला वाटलं. १७३८ मध्ये बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेत चिंबोराझोच्या बर्फात प्रयत्न केला, पण मापं भरवशाची निघाली नाहीत. १७७२ मध्ये मॅस्केलिनने रॉयल सोसायटीपुढे हा विषय पुन्हा मांडला. ज्याची मोहीम एका ओळंब्याने बुडवली, त्यानेच हा हट्ट धरावा याची मला गंमत वाटते. कल मोजला की डोंगर आणि पृथ्वी यांच्या ओढीचं गुणोत्तर मिळतं, डोंगराचं आकारमान मोजता येतं, म्हणजे पृथ्वी तोलता येते. पैसे होतेच. १७६९ च्या शुक्र-अधिक्रमणासाठी राजाने दिलेल्या रकमेतले थोडे उरले होते.

डोंगर शोधायला चार्ल्स मेसनला पाठवलं, अमेरिकेतल्या मेसन-डिक्सन रेषेतला तो मेसन. त्याने १७७३ मध्ये स्कॉटलंडच्या मधोमध उभा असलेला शिहॅलियन निवडला. आजूबाजूला दुसरे मोठे डोंगर खेटून नाहीत, पूर्व-पश्चिम लांबट कणा, उत्तर-दक्षिण उतार तीव्र, म्हणजे दोन्ही अंगांना ओळंबा जवळ नेता येतो. पुढचं काम मेसनने नाकारलं. शेवटी राजाची परवानगी काढून १७७४ च्या उन्हाळ्यात मॅस्केलिन स्वतः निघाला. वय एक्केचाळीस, अंगकाठी काही गिर्यारोहकाची नव्हे. ग्रिनिचच्या संग्रहालयात त्याचा रात्री वेध घेताना घालायचा पोशाख ठेवला आहे, रेशमी आणि आत जाड अस्तर भरलेला. थंडी वाजणारा माणूस होता हे उघड आहे!

आधी दक्षिण उतारावर राहुटी आणि दगडमातीची झोपडी, मग सगळं उचलून उत्तर उतारावर. पाऊस, धुकं, वारा. तारा दिसायची वाट बघत दिवसच्या दिवस जायचे. तरी चार महिन्यांत त्याने ४३ ताऱ्यांचे ३३७ वेध घेतले. रूबेन बरो हा त्याचा जुना सहायक इतरांसह साखळ्या आणि कोनमापक घेऊन डोंगराभोवती मोजणी करत होता. हा बरो फटकळ, आपल्या कष्टांचं श्रेय साहेब खाणार याची त्याला खात्री. पुढे तो हिंदुस्थानात गेला, बंगालमध्ये पृथ्वीचा अंश मोजला आणि १७९२ मध्ये बक्सरला वारला.

आता हिशेब बघा, कारण सगळी मजा त्यात आहे. जमिनीवरून मोजलेल्या अंतराप्रमाणे दोन्ही ठाण्यांच्या अक्षांशात ४२.९४ विकलांचा फरक यायला हवा होता, म्हणजे साधारण १३३० मीटर. ताऱ्यांवरून फरक आला ५४.६ विकला. जादाचे ११.६ विकला आले कुठून? दोन्ही बाजूंना ओळंबा डोंगराकडे झुकला होता, प्रत्येकी सुमारे ५.८ विकला. हे किती बारीक? एक पौंडाचं नाणं आठशे मीटरवर धरलं तर जेवढं दिसेल तेवढं. वडिलांची श्रद्धा तिथे थोडी ढळली असती. ओळंबा खोटं बोलत नाही, पण शेजारी डोंगर असेल तर तो डोंगराचं ऐकतो.

ऑक्टोबर संपत आला तसा मॅस्केलिनने गावकऱ्यांना निरोपाची मेजवानी दिली. व्हिस्की वाहिली आणि झोपडीला आग लागली, असं तिथले लोक आजही सांगतात. त्यात डंकन रॉबर्टसन नावाच्या लाल केसांच्या पोऱ्याचं फिडल जळालं. चार महिने तो या लोकांचं रांधायचं आणि रात्री वाजवून दाखवायचं काम करत होता. मॅस्केलिनने लंडनहून त्याला नवं फिडल पाठवलं आणि डंकनने त्या फिडलवर गेलिक भाषेत गाणं रचलं. मला हा प्रसंग हॅरिसनच्या पुस्तकातल्या माणसाशी जुळवताच येईना.

तो परतला आणि नोव्हेंबरमध्ये क्लाइव्ह मेला. इकडे पुण्यात नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंनी सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाती घेतला होता. आपण इतिहास वेगवेगळ्या कप्प्यांत शिकतो म्हणून हे एकाच वर्षातलं आहे हे डोक्यात येत नाही.

१७७५ मध्ये मॅस्केलिनला कोप्ली पदक मिळालं. पण खरी मेहनत अजून व्हायची होती आणि ती केली वुलिचच्या चार्ल्स हटनने. डोंगराच्या शेकडो तुकड्यांची ओढ एकेक करून काढायची होती. नकाशावर आकड्यांचं जंगल झालेलं, म्हणून त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोडले. त्याच त्या समोच्च रेषा, ज्या प्रत्येक ट्रेकरच्या नकाशावर असतात. १७७८ मध्ये उत्तर आलं: पृथ्वीची सरासरी घनता डोंगराच्या १.८ पट. डोंगराचा दगड पाण्याच्या अडीच पट जड धरला, तर पृथ्वी साडेचार पट. म्हणजे पृथ्वी पोकळ नाही आणि तिच्या पोटात धातूसारखं काहीतरी जड भरलेलं आहे. १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने प्रयोगशाळेत शिशाचे गोळे वापरून ५.४५ च्या आसपास उत्तर काढलं. आज आपण ५.५१ म्हणतो. डोंगरवाल्यांचं उत्तर अठरा टक्के कमी. ढगांत बसून, ओळंब्यावर! मला तर ते फार जवळचं वाटतं.

आम्ही बापलेक गेल्या वर्षी मे महिन्यात तिथे गेलो. ब्रेज ऑफ फॉसच्या गाडीतळावर या प्रयोगाची एक स्मृतिशिला आहे, तिथून वाट चढते. माथ्यावरचा दगड पांढुरका, तुटक, पायाखाली कुरकुरणारा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाची आठवण येते ती फरकामुळेच. ओळंबा मी खिशात नेला होता. अर्थात काही दिसलं नाही, वाऱ्याने तो नुसता गरगर फिरत होता आणि लेक हसत होती.

माथ्यावर बसून तिच्या प्रकल्पाचं गणित सुरू झालं. शिखर १०८३ मीटर. आम्ही पायथा ३८० मीटरवर धरला, म्हणजे उभा डोंगर ७०० मीटर. तळ चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद असा लंबगोल, आकार शंकूचा. घनफळ सुमारे १.८ घन किलोमीटर, दगड पाण्याच्या २.६५ पट जड, म्हणजे डोंगराचं वजन जवळपास ५०० कोटी टन. आता इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो. उंची ७०० धरायची नाही, कारण बराचसा दगड खालीच आहे. शंकूचा गुरुत्वमध्य तळापासून पावपट उंचीवर असतो, म्हणजे १७५ मीटर. हे लेकीने दाखवलं. गुणाकार केला: ८.६ वर पंधरा नव्हे, ८.६ गुणिले दहाचा पंधरावा घात ज्यूल. विजेच्या बिलाच्या भाषेत सुमारे २३८ कोटी युनिट.

एवढ्या मोठ्या डोंगरात अमाप ऊर्जा असेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात? कोयनेचे १९६० मेगावॉटचे सगळे संच अखंड चालवले तर हीच वीज पन्नास दिवसांत तयार होते. आणि सगळा ब्रिटन ती तीनेक दिवसांत वापरून टाकतो! कोट्यवधी वर्षं जुन्या दगडाची ही किंमत. शिवाय शून्य कुठे धरायचं हाही प्रश्न आहेच. पायथ्याऐवजी समुद्रसपाटीपासून मोजलं तर तोच दगड तिपटीहून जास्त आकडा देतो. आणि यातला एक युनिटही दगडातून काढता येत नाही. पाणी तेवढं वर चढवून खाली सोडता येतं. इथून पश्चिमेला बेन क्रुअकनच्या पोटात १९६५ पासून तेच चालतं. रात्री स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं, गरजेला सोडायचं. त्याच्या वरच्या तलावात सुमारे ७० लाख युनिट मावतात. शिहॅलियनच्या दगडात त्याच्या ३४० पट, पण निरुपयोगी. आपल्याकडे खोपोलीला टाटांनी १९१५ मध्ये सह्याद्रीच्या उतारावरून पाणी सोडून मुंबईच्या गिरण्या चालवल्या, तीही हीच युक्ती. फक्त तिथे पाणी वर चढवायचं काम मान्सून फुकट करतो.

लेकीने अहवालात लिहिलं की आमच्या उत्तरात सर्वांत मोठी शंका डोंगराच्या आकाराची, त्यानंतर दगडाच्या घनतेची. हटनची अडचण हीच होती. त्याचा अडीच हा निव्वळ अंदाज होता. १८०१ मध्ये जॉन प्लेफेअरने शिहॅलियनचे दगड गोळा करून खरी घनता तपासली, ती अडीचपेक्षा जास्त भरली आणि पृथ्वीचं उत्तर वर सरकलं. तो निबंध १८११ मध्ये छापून आला. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला मॅस्केलिन वारला होता. बावन्नाव्या वर्षी लग्न, एक मुलगी, सेहेचाळीस वर्षं त्याच वेधशाळेत. शेवटपर्यंत स्वभाव काटेकोर. १७९६ मध्ये एका सहायकाची नोंद आपल्यापेक्षा सेकंदाचे आठ दशांश उशिरा पडते म्हणून त्याने त्याला काढून टाकलं. ती त्या पोराची चूक नव्हती, दोन माणसांचे डोळे आणि कान सारख्या वेगाने चालतच नाहीत, हे पुढे बेसलने दाखवलं. डोंगराच्या ओढीमुळे ओळंबा किती चुकतो ते मोजणाऱ्याला आपल्या शेजारच्या माणसाचं हे लक्षात आलं नाही.

हा सगळा शोध घेता घेता मला माझ्याच गावाचा धडा मिळाला. १८०२ मध्ये मद्रासहून विल्यम लॅम्बटनने हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. ती मोजणी पुढे एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेली, तेव्हा कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांच्या अंतरात पाच विकलांचा मेळ बसेना. हिमालय ओळंबा ओढतोय हे उघड होतं. पण १८५५ मध्ये प्रॅट नावाच्या कलकत्त्याच्या पाद्र्याने गणित केलं तर ओढ पंधरा विकलांपेक्षा जास्त यायला हवी होती. एवढा मोठा हिमालय कमी का ओढतो? त्यातूनच कळलं की पर्वत पाण्यावरच्या बर्फासारखे खालच्या जड थरावर तरंगतात आणि त्यांच्याखाली हलक्या दगडाची मुळं असतात. म्हणजे आमचा शंकू हिमालयाला लावता येणार नाही.

आणि लॅम्बटनचं थडगं कुठे आहे? हिंगणघाटला! मोजणी करत करत तो उत्तरेकडे निघाला होता, वाटेत तिथेच जानेवारी १८२३ मध्ये वारला. मी त्या गावात अठरा वर्षं राहिलो, वणा नदीत पोहलो आणि मला हे कोणी सांगितलं नाही. त्याच जानेवारीत लंडनमध्ये चार्ल्स हटनही गेला, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन. त्याच्या दोन वर्षं आधी त्याने एक शेवटचा निबंध लिहिला होता. शिहॅलियनचा आकार वेडावाकडा आहे, त्यापेक्षा कोणीतरी इजिप्तला जावं आणि पिरॅमिडशेजारी ओळंबा धरावा, असं त्याने त्यात सुचवलं होतं.